साहेब पुढे आहेत

२ मार्च, रविवार

निवड झाली!! सकाळी मेल आली. मीच वाचून दाखवली, मग लेकीला, गौरीला, बोलावून तिच्याकडून पुन्हा वाचून घेतली, तेव्हा कुठे सुभेदारसाहेबांचा विश्वास बसला. (यापुढे सु.सा. लिहीन. नवऱ्याची पदवी रोज पूर्ण लिहायला मी काही युनिटची क्लार्क नाही.)

अंगोला. आफ्रिकेत. जुन्या लढायांत शेतांत पेरलेले सुरुंग अजून जमिनीत आहेत, ते काढायचे. देशोदेशीचे निवृत्त फौजी स्वयंसेवक म्हणून जाताहेत. सहा महिने. तिकीट, राहणं, खाणं त्यांचं, बाकी सेवा. सु.सा.नी सीमेवर उमेदीची सगळी वर्षं हेच केलं. आता इथे दिल्लीजवळ मानेसरला, गाड्यांचे पार्ट करणाऱ्या फॅक्टरीच्या फाटकावर सिक्युरिटी सुपरवायझर. मॅनेजरची गाडी आली की सलाम, गेली की सलाम. आज कितीतरी दिवसांनी शीळ घालत दाढी केली.

इंटरव्ह्यूचं अर्धं श्रेय माझं, हे इथे तरी लिहून ठेवते. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल होता. पलीकडे प्रोजेक्टचा तो गोरा, टॉमस. तोंडात विडा धरून बोलावं तसं त्याचं इंग्रजी. सु.सा. पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडे बघायला लागले. मग मी फ्रिजवरचा व्हाइटबोर्ड काढला आणि लॅपटॉपच्या मागे बसले. टॉमसने विचारायचं, मी मराठीत ठळक लिहायचं, ह्यांनी वाचून फौजी इंग्रजीत ठोकायचं. "नो शॉर्टकट सर. सेफ्टी फर्स्ट सर." टॉमस एकदम खूश. केंद्राच्या मंत्रालयात एवढी वर्षं साहेबांची डिक्टेशनं घेतली ती अशी कामाला आली.

शेजारच्या नायर, गुप्ता सगळ्यांकडे पेढे. गुप्तीण म्हणाली, "अरे वाह, भाईसाहब फॉरेन जा रहे हैं!" जसं काही हनिमूनला.

६ मार्च, गुरुवार

हाफ डे टाकला. मेडिकल. त्यांनी नेमलेल्या क्लिनिकमध्ये नेमका यादव निघाला, ह्यांच्याच युनिटचा जुना नर्सिंग असिस्टंट. ह्यांना बघून उठून उभा राहिला, पेशंट तसेच टाकून. बीपी, शुगर, एक्स-रे, सगळं ठीक. कानांच्या वेळी यादव दारापाशी गेला आणि तोंड फिरवून हळू आवाजात एक आकडा म्हणाला. तो ऐकून परत म्हणून दाखवायचा असतो. सु.सा. गप्प. यादव पुन्हा म्हणाला. हे त्याच्याकडे बघत मिश्या पुसत बसले. शेवटी यादवच हसला, "साहब, आप भी ना! आप का टेस्ट मैं लूंगा?" आणि नॉर्मल लिहून टाकलं.

मलाही हसू आलं. ह्यांना थट्टा करायची सवय आहेच.

फौजेत मेडिकल कॅटेगरी म्हणजे देव. ती बिघडली की कोर्स गेला, प्रमोशन गेलं. पाठ दुखो, गुडघा दुखो, डॉक्टरला सांगायचं नाही. बायकांनी तर नाहीच नाही. माझं लग्न झाल्यावर पहिल्याच कॅन्टोन्मेंटमध्ये शेजारच्या हवालदारणीने मला हे शिकवलं होतं, पोळ्या लाटता लाटता.

९ मार्च, रविवार

जाधव जेवायला. नायक जाधव, नगरकडचा, मागच्याच वर्षी निवृत्त, ह्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा. त्याचीही निवड झाली. बायको रेश्मा आणि तीन वर्षांची पिहू. रेश्माला पुन्हा दिवस गेलेत, चौथा लागला. दिल्ली कॅन्टजवळ भाड्याने राहतात.

जाधव तिकडे ह्यांच्याबरोबरच असणार. दोरी लावून जमिनीची पट्टी आखतात, तिला लेन म्हणतात. पुढचा डिटेक्टर फिरवत जातो, मशीन वाजलं की थांबून खूण करतो, मागचा तिथे बसून उकरतो. मशीन वाजलं नाही ती जमीन साफ, तिच्यावर बिनधास्त पाय ठेवायचा. सु.सा. पुढे, जाधव मागे. जाधव म्हणाला, "काकू, साहेब पुढे असले ना, मी डोळे मिटून चालतो."

रेश्मा फार हळू बोलते. जेवताना खाली मान घालून म्हणाली, "साहेब, मला हे ठरल्यापासून झोपच नाही. भीती वाटते."

सु.सा. प्रसन्न हसून म्हणाले, "हो हो, छान छान."

मी पटकन म्हटलं, "त्यांना म्हणायचंय, सगळं छान होईल." मग कोशिंबीर वाढली. माणसाचं लक्ष असतं कुठे! अंगोल्यात पोचलेत आत्ताच.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

दिवसभर खाली दंगा. सु.सा. गुप्तांच्या पोरांच्या तावडीत सापडून हिरवे-निळे होऊन आले. टीव्ही लावला, भिंती हलतील एवढा मोठा. गौरी खोलीतून ओरडली, तरी नाही. शेवटी तिने येऊन रिमोट घेतला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आली. "आई, बाबांना सुनाई नहीं देता. सीरियसली."

मी म्हटलं, लक्ष नसतं त्यांचं. बापाबद्दल असं बोलतात?

"लक्ष नाही, कान. तुला कळत नाही कारण तू बोलते ना उनके लिए. बँकेत तू, फोनवर तू, दूधवाला तू. बाबा फक्त मान हलवतात यार."

मी तिला झापलं. दिल्लीत वाढलेली कार्टी, धड मराठी येत नाही आणि निदान करायला निघाली.

पण बँकेत मीच बोलते. हे खरंय.

१६ मार्च, रविवार

गौरीला ताप. धुळवडीचं पाणी बाधलं. सु.सा. तिच्या उशाशी थर्मामीटर धरून बसले, तो डिजिटलवाला. मी दारात उभी. थर्मामीटर वाजला. पिप्‌ पिप्‌ पिप्‌ करून थांबलासुद्धा. हे तसेच धरून बसलेले. गौरीने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. हे थोड्या वेळाने म्हणाले, "फार वेळ लावतो बुवा हा."

मी आत येऊन ओट्याला टेकून उभी राहिले.

ह्यांच्या घड्याळाचा पहाटेचा गजर. किती वर्षं मीच बंद करतेय? हे आपले आपण उठतात, सवयीने, गजर वाजतच राहतो आणि मी हात लांब करून बंद करते. मला वाटायचं आळस. मायक्रोवेव्ह वाजला की मीच सांगते. दाराची बेल मीच.

म्हणजे तो इंटरव्ह्यू. ते टॉमसचं इंग्रजी नव्हतंच. माणूस मराठीत बोलला असता तरी ह्यांनी माझ्या बोर्डाकडेच बघितलं असतं.

आणि मी पेढे वाटले.

२० मार्च, गुरुवार

यलो फीवरची लस टोचून घेतली, पिवळं कार्ड मिळालं. परत येताना सरोजिनी मार्केटला उतरलो, ह्यांना सुती पँट घ्यायला. ह्यांचा मूड उत्तम. घासाघीस करायला मला पुढे केलं.

रस्ता ओलांडताना मागून ई-रिक्षा. त्या नुसत्या सरकत येतात, इंजिनाचा आवाज नाही. मी ह्यांची बाही ओढली. मग लक्षात आलं, मी रोजच बाही धरून चालते. नेहमी रहदारीच्या बाजूने मी. ऑफिसातल्या बायका म्हणतात, अजून किती प्रेम गं तुमचं!

कुणाला सांगू? माझ्या भावाला सांगितलं तर तो ह्यांनाच फोन करेल. ह्यांना विचारायची हिंमत होत नाहीये. विचारलं आणि हो म्हणाले तर?

रविवारी मानेसरच्या पुढे सराव आहे. प्रोजेक्टवाल्यांनी डिटेक्टर पाठवलेत. घरच्यांनाही बोलावलंय. जाणार.

२३ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहिते, म्हणजे उद्या मीच मला फसवायला नको.

फॅक्टऱ्यांच्या मागचं पडीक रान. ऊन कडक. दोऱ्या लावून लेन आखलेली. आदल्या दिवशी सु.सा.नीच त्यात सरावाचे डबे पुरले होते, सीनियर म्हणून. डिटेक्टरचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून हेडफोन न लावता स्पीकरवर. आम्ही बायका झाडाखाली, सतरंजीवर. टॉमसचा एक माणूस व्हिडिओ काढत होता.

सु.सा. पुढे. काय ऐट होती! पाठ ताठ, मशीन एका लयीत डावीकडून उजवीकडे. एकेक डबा सापडत गेला. डब्यांचा आवाज जाड, म्हशीने हंबरावं तसा. सगळे टाळ्या वाजवत होते. मीसुद्धा. वाटलं, आपणच उगाच...

मग एका जागी मशीन बारीक वाजलं. टिंऽऽ असं, जेमतेम. झाडाखाली मला ऐकू आलं. पिहूने मान वळवली. सु.सा. थांबले नाहीत. मशीन पुढे गेलं आणि त्याच जागेवर ह्यांनी पाय ठेवला. पूर्ण वजन देऊन.

जाधव मागे थबकला. गुडघ्यावर बसला, उकरलं. सोड्याच्या बाटलीचं गंजकं बूच. कधी कोण टाकून गेलेलं. त्याने बूच वर धरलं आणि मोठ्यांदा हसला, "साहेबांनी माझी परीक्षा घेतली! मुद्दाम सोडलं होतं!"

सगळे हसले. टॉमसच्या माणसाने अंगठा दाखवला. सु.सा. मागे वळले, सगळे हसताहेत म्हणून तेही हसले. त्यांना कळलंच नव्हतं कशाला हसताहेत. मला त्यांचा चेहरा वाचता येतो.

डबे त्यांनीच पुरलेले. कुठे काय आहे ते त्यांना पाठ होतं.

रेश्मा माझ्या कानाशी म्हणाली, "केवढे हुशार आहेत ना साहेब."

२४ मार्च, सोमवार

ऑफिसात एकाच पत्राला दोनदा नंबर घातला. सेक्शन ऑफिसर म्हणाले, "मॅडम, तबियत ठीक है?" बिल्कुल ठीक है सर.

तो पाय डोळ्यांपुढून हलत नाही.

२७ मार्च, गुरुवार

विचारलं. पार्कात, सकाळच्या फेरीत. समोर उभी राहिले म्हणजे ओठ दिसतील. "अहो, तुम्हाला बुचाचा आवाज आला नव्हता."

वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत. बाकावर बसले.

"कधीपासून?"

"शिंदे गेला त्या दिवसापासून." शिंदे म्हणजे ह्यांचा जोडीदार. सुरुंग काढताना गेला. हे त्याच्या मागेच होते, खरचटलंसुद्धा नाही असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. मलासुद्धा. "आधी डावा. मग उजवा. बोलणं कळतं, ओठांवरून. बारीक आवाज गेले."

"मशीनचा?"

"जाड येतो."

"आणि बारीक कधी वाजतं?"

इथे ते मास्तर झाले. सवयच ती. समजावून सांगायला लागले की जुने सुरुंग लोखंडी, ते जाड वाजतात. नंतरचे प्लास्टिकचे, त्यात धातू सुईएवढा, ते अगदी बारीक. तिकडे कुठले आहेत, विचारलं.

"दोन्ही," म्हणाले.

माझा तोल गेला. पार्कात लोक बघत होते तरी ओरडले. तुम्ही मराल ते मराल, त्या पोराला का मारता? मागून तो येतोय, डोळे मिटून, बायको पोटुशी आहे त्याची! माझ्या ओरडण्याचा मात्र प्रत्येक शब्द त्यांना पोचला.

"काही मशीन हाताला थरथरतात," म्हणाले. "कानाची गरजच नाही."

"हे मशीन थरथरतं?"

"तिकडे गेल्यावर बघू."

मी म्हटलं, वर्गात शिकवायला जा, लेनमध्ये नको. म्हणाले, "लेनमध्ये न उतरणाऱ्याचं कोण ऐकतं?" मग, "शैला, मला त्या फाटकावर सलाम ठोकत मरायचं नाही. तू कुणाला बोलू नकोस. आजवर नाही बोललीस."

आजवर मला माहीत नव्हतं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. माहीत नव्हतं का खरंच?

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली बाल्कनीत. कडुनिंब खालच्याच झाडाचा. आपल्या मराठी मंडळींचं दरवर्षीचं स्नेहसंमेलन कम्युनिटी हॉलमध्ये, आणि यंदा सत्कारमूर्ती कोण? सु.सा.! शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी. अध्यक्ष म्हणाले की दिल्लीतल्या महाराष्ट्राची मान उंचावली. मलाही स्टेजवर बोलावून ओटी भरली. वीरपत्नी म्हणाले मला. वीरपत्नी शहिदाच्या विधवेला म्हणतात हो, त्या माणसाला कोणी सांगा.

सु.सा.ना भाषण करायला सांगितलं. छान बोलले. नंतर लोकांनी प्रश्न विचारले तेव्हा ते माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काय केलं? प्रत्येक प्रश्न परत म्हणून दाखवला. हसून, लाडिकपणे, जसं काही माइकमुळेच ऐकू येत नाही.

पाठ झालंय अंगाला. मी ठरवण्याआधीच तोंड बोलून मोकळं होतं.

सत्कारानंतर एका म्हातारबाबांनी ह्यांच्या पायाला हात लावला.

३ एप्रिल, गुरुवार

टॉमसचा फोन. मला, ह्यांना नाही. स्वयंसेवकांच्या घरच्यांशी ते एकदा बोलतात. लाइन स्वच्छ, त्याचं प्रत्येक अक्षर कळत होतं. (आता कुठला विडा नि काय.) विचारलं, तुम्हाला तब्येतीबद्दल, कशाहीबद्दल काही शंका? तुम्ही मला जे सांगाल ते तुमच्या-माझ्यात राहील.

सु.सा. समोर सोफ्यावर. पेपर धरलेला, पण पान उलटत नव्हते. मला काय विचारलंय ते त्यांना कळत नव्हतं. मी काय बोलते ते मात्र ओठांवरून दिसलं असतं. मी पाठ फिरवू शकले असते. खिडकीकडे तोंड केलं असतं की झालं. एवढंच करायचं होतं.

"नो सर. नो कन्सर्न्स. वी आर व्हेरी प्राउड."

फोन ठेवल्यावर सु.सा.नी उठून स्वतः चहा केला. माझ्यासाठी. लग्नानंतर किती वेळा केला असेल? मी तो प्यायले. मला माझी किळस आली.

८ एप्रिल, मंगळवार

गौरीशी बोलले. सगळं. ती रडली, मग चिडली. "मी मेल करते टॉमसला. आत्ता. बिल्कुल."

मी तिचा फोन काढून घेतला. वीस वर्षांच्या मुलीचा फोन हिसकावून घेतला मी. म्हटलं, बाबांना हे कळलं तर ते पुन्हा उभे राहणार नाहीत. ती म्हणाली, "और वो अंकल? पिहूचे पापा?"

मी फोन परत दिला. तिने मेल केली नाही. का नाही केली ते मी विचारलं नाही आणि ती आता माझ्याशी कामापुरतं बोलते. ह्या घरात आणखी एक जण गप्प बसायला शिकली, माझ्याचकडून.

१३ एप्रिल, रविवार

रेश्मा आली होती, पिहूला घेऊन. ह्यांच्या गैरहजेरीत इकडेच राहायला ये असं मी तिला म्हटलंय. हो म्हणाली, हरखूनच गेली. सासरचं कोणी येऊ शकत नाही, शेतीची कामं. मी का म्हटलं? दया म्हणून, की नजरेसमोर राहावी म्हणून, की मलाच शिक्षा हवीय?

लोणच्याला कैऱ्या आणल्या होत्या, चिरता चिरता म्हणाली, "काकू, खरं सांगू? मी ह्यांना सोडणारच नव्हते. माहेरी निघून जाईन म्हटलं होतं. मग हे म्हणाले, साहेब आहेत पुढे. तेव्हा गप्प झाले मी."

मी विळी बाजूला ठेवली. आत्ता. आत्ताच सांगावं. "रेश्मा," म्हटलं.

"काय काकू?"

"मीठ जरा जास्त लागेल या कैऱ्यांना."

कोकिळा ओरडत होती खालच्या कडुनिंबावर, जीव तोडून. सु.सा. बाल्कनीत बूट पॉलिश करत होते.

२२ एप्रिल, मंगळवार

बॅगा भरून झाल्या. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. गरम कपडे नको म्हणाले, तरी एक स्वेटर घातला आत. मानेसरहून निरोप देऊन आले. फाटकावरच्या गार्ड लोकांनी सलामी दिली, रांगेत उभं राहून. सांगताना डोळे भरले होते. एवढे खूश मी त्यांना गौरी झाली तेव्हा पाहिलं होतं.

जेवताना म्हणाले, "तिकडे पुन्हा टेस्ट घेतील. असते तिकडे. नसेल जमत तर परत पाठवतील."

म्हटलं, "खरं?"

"घेतील बहुतेक."

मी त्या बहुतेकला धरून बसले आहे.

२६ एप्रिल, शनिवार

गेले.

एअरपोर्टवर भर दुपारी सगळे. पिहू ट्रॉलीवर बसलेली. सु.सा. गौरीला जवळ घेत होते, रेश्मा पिहूला पाणी पाजत होती. मी जाधवला बाजूला घेतलं. ठरवूनच गेले होते. म्हटलं, "जाधव, ते बूच. ती परीक्षा नव्हती रे."

त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. इकडेतिकडे बघितलं. हळूच म्हणाला, "मला माहीत आहे, काकू."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. हातातलं बूच बघूनच कळलं. चारचौघांत साहेबांची शोभा झाली असती, म्हणून हसलो." आणि मग मलाच धीर द्यायला लागला. "तुम्ही काळजी करू नका. मी आहे ना मागे. मशीन वाजलं की मी हाक मारेन."

"हाक ऐकू आली नाही तर?"

"पाठीला हात लावेन."

मशीन वाजणार आणि मग ह्याचा हात पोचणार. त्या दोन्हींच्या मध्ये एक पाऊल असतं. हे मला कळतं तर त्याला कळत नाही? मी म्हटलं, रेश्माला माहीत आहे?

त्याने हात जोडले. अक्षरशः. "काकू, तिला नका सांगू. या अवस्थेत तर नकोच. साहेबांनी मला नोकरीत उभं केलंय. त्यांना मी कसं सांगू की घरी बसा?"

तेवढ्यात सु.सा. आले. जाधवने त्यांची बॅग उचलली. दोघं आत गेले, सु.सा. पुढे, तो एक पाऊल मागे. काचेआडून सु.सा.नी सगळ्यांना सॅल्यूट केला. रेश्मा हात हलवत होती. हसत होती.

टॅक्सीत गौरी खिडकीकडे तोंड करून बसली. रेश्मा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

२७ एप्रिल, रविवार

पोचल्याचा मेसेज. फोटो: लाल माती, तंबू, दोघं उन्हात डोळे बारीक करून.

रेश्मा पहिल्या खोलीत. पिहू ह्यांच्या जागेवर बसून जेवते.

३० एप्रिल, बुधवार

फोन आला. आत्ताच. लिहायलाच हवं.

रेश्मा शेजारी बसली होती म्हणून स्पीकरवर ठेवला. "बोला," म्हणाले सु.सा., आवाज खणखणीत. मी विचारलं, टेस्ट झाली का. मग मागून जाधवचा आवाज, बारीक पण स्पष्ट: "साहेब, काकू विचारतायत, टेस्ट झाली का." मग सु.सा., "हो हो, झाली. पास! उद्यापासून लेनमध्ये."

मी विचारलं, जेवण बरं असतं का. पुन्हा मागून: "साहेब, जेवण." मग, "उत्तम! भाजणी संपत आली."

प्रत्येक प्रश्नाला तसंच. आधी मी, मग तो, मग हे. टेस्टसुद्धा अशीच दिली असणार दोघांनी.

मग जाधव फोनवर आला, पिहूशी बोबडं बोलला, रेश्माला म्हणाला, औषधं वेळेवर घे. लाइन गेली.

रेश्मा फोनकडे बघत राहिली थोडा वेळ. मग माझ्याकडे. संशय घेणारी मुलगी नाही ती, नुसतं विचारलं. "काकू, हे साहेबांना सगळं परत परत का सांगत होते?"

मी म्हटलं, दूध ठेवलंय, आणि उठून आत आले. दूध ठेवलेलं नव्हतं. आता ठेवलंय. ओट्यावर वही ठेवून उभ्यानेच लिहितेय. तिकडे उद्याची सकाळ व्हायला अजून वेळ आहे. टॉमसचा नंबर फोनमध्ये आहे. रेश्मा बाहेर बसली आहे, टीव्हीसुद्धा लावलेला नाही तिने.

दूध वर आलं.

"काकू," हाक मारतेय. ही दुसरी.